मदत हवी आहे: जिप्सी एमपीएफआय, ओढ्यातून आल्यापासून मिसिंग (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही). स्पार्क प्लग ५ नंबरचा घेऊ की ६?

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी, २००६ ची, १२९८ सीसी, १६ व्हॉल्वचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन. चार वर्षांपूर्वी साताऱ्याहून सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून जमेल तेवढं काम स्वतःच करतोय, कारण ही गाडी मला आयुष्यभर ठेवायची आहे.

गेल्या रविवारी ताम्हिणीच्या अलीकडे ओळखीच्यांच्या शेतात गेलो होतो, वाटेत ओढा आहे, पाणी बंपरच्या थोडं वर होतं, फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून सावकाश पलीकडे गेलो, परत आलो, तेव्हा काहीच त्रास नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर आयडलला अख्खी गाडी थरथरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके मारते, आणि ३००० आरपीएमच्या वर गेली की जरा बरी चालते. चढाला पिकअप अजिबात नाही.

काल संध्याकाळी चारही प्लग काढले. १, २ आणि ४ नंबर सिलिंडरचे व्यवस्थित, टोकाला कॉफीसारखा रंग. ३ नंबरचा मात्र काळाकुट्ट आणि ओला, आट्यांवर ऑइल, आणि ज्या खड्ड्यात तो प्लग बसतो तिथे टॉर्च मारला तर तळाला ऑइल आणि गढूळ पाणी असं मिळून अर्ध्या बोटाएवढं साचलेलं. वायरीचं रबरी टोपण काढलं तर आतून पांढरट ओल, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ आहे, ती कापडाने पुसूनही जात नाही. गॅप (ठिणगी पडते ती फट) फिलर गेजने मोजला, चारही १.२ ते १.३ मिमी, म्हणजे प्लग तसेही झिजलेच आहेत. बसलेले होते एनजीके कंपनीचे बीकेआर ६ ई, म्हणजे ६ नंबरचे.

आता खरा प्रश्न. पार्ट्सच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला की तुम्ही जंगलात हळूहळू चालवता तर ५ नंबर टाका, तो गरम प्लग आहे, म्हणजे त्याचं टोक जास्त तापतं, काजळी धरणार नाही. आमच्या गल्लीतले मेकॅनिक म्हणतात इरिडियम (महागड्या, टिकाऊ धातूच्या टोकाचा प्लग) टाक आणि विसरून जा. मला दोघांचंही थोडं थोडं पटतंय म्हणून जास्त गोंधळ झालाय. महिन्यातून एखादा रविवार ऑफरोडिंग होतं पण बाकी हीच गाडी सातारा-पुणे हायवेला असते, उन्हाळ्यात चौघं आणि सामान भरून खंबाटकी चढते, तेव्हा गरम प्लगने इंजिन ठोकायला लागलं तर? हेड अॅल्युमिनियमचं आहे, चुकीचं काही करून ते खराब करायचं नाहीये. आणि इरिडियमचे चार म्हणजे साध्या प्लगच्या कितीतरी पट पैसे, परत पाण्यात गेलो की तेही असेच गेले तर फार जीव तुटेल. ज्यांनी जिप्सीवर हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १ (कोल्हापूर, जिप्सी १४ वर्षं):

दादा, आधी एक सांगतो, तुमचा दोष प्लगच्या नंबरात नाहीच. आट्यांवर ऑइल वरून खड्ड्यातून आलंय, टॅपेट कव्हरखाली (इंजिनच्या वरच्या झाकणाखाली) प्रत्येक प्लगभोवती रबरी सील असतं ते कडक होऊन गळतं. ऑइल खालून पिस्टनच्या रिंगमधून आलं असतं तर आतल्या टोकावर जळलेला चिकट थर बसला असता. टोक ओलं आहे ते बहुतेक न जळलेलं पेट्रोल, वास घेऊन बघा. आणि ती काळी रेघ म्हणजे करंट टोकापर्यंत न जाता ओल्या चिनीमातीवरून बाहेरच्या बाहेर हेडला गेला त्याची खूण. तो प्लग आणि ते टोपण दोन्ही बाद समजा, नवीन प्लगला जुनं टोपण लावलंत तर आठवड्यात परत तीच रेघ येईल.

नंबर ६ च ठेवा. एनजीकेत आकडा कमी तितका प्लग गरम, बॉशमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे दुकानात नुसतं "गरम द्या" म्हणू नका. प्लगचं टोक ४५० डिग्रीच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते, आणि ८०० च्या वर गेलं तर स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं. जंगलात दिवसभर रांगलात तर परत येताना हायवेला वीस मिनिटं मोकळी पळवा, काजळी जाईल. पण भर उन्हात भरलेली गाडी घाटात तापली तर त्यावर असा उपाय नाही, म्हणून तुमची खंबाटकीची भीती रास्त आहे.

इरिडियम वाईट नाही, पण पाण्यात जाणाऱ्या गाडीला मी साधा निकेलच टाकतो, दरवर्षी पावसाळ्याआधी बदलतो. गॅप बघून घ्या, नंबरापुढे ११ असेल तर १.१ मिमी, नुसता ६ ई असेल तर साधारण ०.८, तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आहे तोच घ्या.

काढताना इंजिन पूर्ण गार हवं. आधी कॉम्प्रेसरच्या हवेने खड्डा साफ करा, नाहीतर ती वाळू सरळ सिलिंडरमध्ये. १६ चा प्लग सॉकेट लागतो. नवीन प्लग हाताने, नुसतं एक्स्टेन्शन धरून फिरवा, रॅचेट लावू नका, आटे वाकडे लागले तर हातालाच कळतं. हाताने घट्ट झाला की अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने जास्त आवळला जातो. टोपणाच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरवा, पाण्याला तेच अडवतं.

धागाकर्ता:

खूप खूप आभार दादा, रेघेचं कोडं सुटलं. आत्ता परत टॉर्च मारला तर २ नंबरच्या खड्ड्यातही ओल दिसतेय, त्यामुळे चारही सील, वायर सेट आणि ६ नंबरचे साधे प्लग असं एकदमच आणतोय. रविवारी सकाळी काम काढणार. पुण्यात कोथरूडच्या आसपास कुणाकडे टॉर्क रेंच असेल तर दोन तासांसाठी द्याल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि त्याच दिवशी परत आणून देईन.