बुद्धिबळ इंजिनांच्या ऑनलाइन डावात चालू विश्लेषण उघडं करावं का?

चौकट६४ : प्रश्न इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) विरुद्ध इंजिन डावांपुरता. माणसांच्या डावात इंजिनाची मदत म्हणजे सरळ लबाडी, त्यावर वाद नको. टीसीईसी या इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेत दोन्ही इंजिनांची खोली (किती चाली पुढचं पाहिलं), गुण (कोण किती वरचढ) आणि पुढची चालमालिका डाव चालू असतानाच दिसते. सगळीकडे असंच हवं. यूसीआयच्या (इंजिन आणि पटाचा प्रोग्राम ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिच्या) इन्फो ओळीत इंजिन हे सगळं ओकतच असतं, दाबून कशाला ठेवायचं?

तिरका उंट : टीसीईसीचा दाखला चालणार नाही, तिथे पाँडर (प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करणं) बंद असतो. पाँडर चालू असेल तर काळं इंजिन स्वतःच्या मालिकेतली चाल गृहीत धरून विचार करतं. अंदाज चुकला की तो वेळ बहुतेक वाया. पांढऱ्याने विचार करता करताच घोडा एफ५ दाखवला, तर काळं नेमकं तिथेच खणायला लागेल.

चौकट६४ : मग चाल खेळून झाल्यावर दाखवा.

तिरका उंट : तरी मालिकेतली तिसरी चाल उरतेच. काळ्याने अपेक्षित उत्तर दिलं की पांढऱ्याचा पुढचा बेत हातात. गुण दाखवा, मालिका नको.

पटाबाहेरचा : नुसते गुण फसवतात. स्टॉकफिश या इंजिनाच्या १५.१ आवृत्तीपासून (२०२२) +१.०० म्हणजे एक प्यादं नव्हे, जिंकण्याची शक्यता ५० टक्के. दुसऱ्या इंजिनाचं +१.०० वेगळ्या मापाचं असू शकतं. बाकी एफआयसीएस या ऑनलाइन बुद्धिबळ सर्व्हरवर सोय जुनीच आहे : किबिट्झने पाठवलेला संदेश खेळाडूंनाही दिसतो, व्हिस्परचा फक्त प्रेक्षकांना.

रात्रपाळी : इंजिन चालवणारा ऑपरेटर दुसऱ्या खात्याने प्रेक्षकांत येऊन बसला की व्हिस्परचं काम तमाम! चालू डावात काहीच नको, संपल्यावर पूर्ण लॉग द्या : खोली, नोडसंख्या (किती स्थिती तपासल्या), वेळ. मधेच माणसाने चाल बदलली का, हे तपासायला तो लागतोच.

पटाबाहेरचा : तपासताना जपून. अनेक थ्रेडवर (एकाच वेळी समांतर) तोच शोध पुन्हा चालवला तर तीच चाल येईलच असं नाही. एक थ्रेड, रिकामा आणि तेवढाच हॅश (आधी तपासलेल्या स्थितींची साठवण), ठरलेले नोड, तरच ताळा जमतो. एखादी चाल जुळली नाही म्हणून चोर ठरवू नका.

चौकट६४ : संपलेल्या डावाचा लॉग बघतं कोण? एक इंजिन अचानक +३ दाखवतं आणि दुसरं आठ चाली ०.०० वर घोरत राहतं, हे चालू डावातच बघायचं असतं. पाँडर बंद करा आणि सगळं उघडं ठेवा.

तिरका उंट : आयोजकाच्या मशीनवर जमेल. पण दोघं आपापल्या घरच्या मशीनवरून खेळत असतील, तर पाँडर खरंच बंद आहे हे सर्व्हरला कळणार कसं? त्याच्याकडे येते ती फक्त चाल.