मदत हवी आहे: राकुतेनचा संघ, ओनागावाची अणुभट्टी आणि लेकाचा शाळेतला प्रकल्प

आओबा | जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

आम्ही जपानात सेंदाईला राहतो. लेक इथल्या सरकारी शाळेत आठवीत आहे, शाळेच्या बेसबॉल संघात खेळतो आणि सेंदाईचा व्यावसायिक संघ राकुतेन ईगल्स म्हणजे त्याचा जीव की प्राण. फेब्रुवारीत समाजशास्त्राच्या तासाला गटागटाने सादरीकरण आहे आणि विषय आहे देशाचं नवं ऊर्जा धोरण. डिसेंबरात सरकारने मसुदा जाहीर केला, सध्या त्यावर लोकांची मतं मागवली आहेत. लेकाच्या गटाने हा विषय बेसबॉलच्या भाषेत मांडायचं ठरवलं आणि तिथेच घोडं अडलंय. इथे वीजखात्यात आयुष्य घालवलेली माणसं आहेत, बेसबॉल पाहणारे आहेत, कोकणातले तर पुष्कळ आहेत. म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इथे १२ संघ आहेत. प्रत्येक संघाला जास्तीत जास्त ७० खेळाडू नोंदवता येतात. ऑक्टोबरात नवी पोरं निवडली जातात, म्हणजे साधारण तितक्याच जुन्यांना नारळ द्यावा लागतो. मग नोव्हेंबर-डिसेंबरात एकेकाला बोलावून पुढच्या वर्षाचा पगार ठरतो. ७० च्या बाहेरही काही पोरं असतात, पाठीवर तीन आकडी नंबर घेऊन दुय्यम संघाकडून खेळणारी. ७० मध्ये जागा होईपर्यंत त्यांना मुख्य संघात उतरता येत नाही. हिवाळ्यात मैदानं बंद असली तरी चर्चा याच गोष्टींची.

यंदा सेंदाईत ती चर्चा एकाच नावाभोवती फिरली: तानाका मासाहिरो, राकुतेनचा नावाजलेला गोलंदाज. (बेसबॉलमध्ये विजय-पराजय गोलंदाजाच्या नावावर मांडतात.) २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, राकुतेनने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. त्या हंगामाच्या साखळी सामन्यांत तानाकाने २४ सामने जिंकले, एकही हरला नाही. अंतिम मालिकेत सहाव्या सामन्यात १६० चेंडू टाकून तो हरला आणि लगेच दुसऱ्या दिवशी सातव्या सामन्यात शेवटचा डाव टाकायला पुन्हा उभा राहिला. त्यानंतर न्यूयॉर्क यांकीजकडे गेला, २०२१ मध्ये परत आला. पण २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर एकच सामना खेळला आणि विजय शून्य. नोव्हेंबरात त्याने राकुतेन सोडलं, डिसेंबरात योमिउरी जायंट्सने त्याला घेतलं. जपान-अमेरिका मिळून त्याचे १९७ विजय झालेत. दोनशेला तीन कमी, आणि ते तीन तो आता दुसऱ्याच गणवेशात मिळवणार. लेकाला हे अजून पचलेलं नाही. क्लबने त्याचं ऋण मानायला हवं होतं, असं तो पोटतिडकीने सांगतो.

आता दुसरी बाजू. ज्या महिन्यात तानाकाचं हे चाललं होतं, त्याच सुमारास आमच्याच मियागी प्रांतातली ओनागावाची दुसरी अणुभट्टी १३ वर्षांनी सुरू झाली. २९ ऑक्टोबरला चालू केली, एका उपकरणात बिघाड झाल्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला थांबवली, दुरुस्तीनंतर परत चालू केली आणि २६ डिसेंबरला व्यावसायिक उत्पादन सुरू झालं. क्षमता ८२५ मेगावॅट. २०११ नंतर पूर्व जपानात सुरू झालेली ही पहिली अणुभट्टी. सरकारी मसुद्यात २०४० साठीचे आकडे असे: नूतनीकरणीय ४० ते ५० टक्के, औष्णिक ३० ते ४० आणि अणुऊर्जा सुमारे २० टक्के. अणुऊर्जेवरचं अवलंबित्व शक्य तितकं कमी करू, असं जे वाक्य आधीच्या धोरणात होतं ते या मसुद्यात नाही. इथल्या वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त वाद त्यावरच आहे.

मुलांनी चार्टपेपरवर ७० चौकोन आखले. २०२३ च्या आकड्यांप्रमाणे ४८ चौकोन कोळसा-गॅस-तेलाचे, १६ सूर्य-वारा-पाणी वगैरेंचे आणि ६ अणुऊर्जेचे. शेजारी २०४० चे ७० चौकोन, त्यात अणुऊर्जेचे १४. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने पगार म्हणजे खर्च आणि कामगिरी म्हणजे युनिटं. मला फार आवडला तो चार्ट. गटातल्या एका मुलीने मात्र तो पाहून एवढंच म्हटलं, की यात ओनागावाची माणसं कुठेच नाहीत. तिचं आजोळ ओनागावाचं. आजोबा समुद्रात होया पिकवतात. होया म्हणजे खडकाला धरून राहणारा नारिंगी रंगाचा, गाठीगाठींचा समुद्रजीव. इथे तो कच्चा खातात आणि पूर्वी यातला बराचसा माल दक्षिण कोरियाला जायचा. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर, २०१३ मध्ये, कोरियाने आयात बंद केली ती अजून बंदच आहे. ओनागावाच्या भट्टीचा त्यात काही दोष नव्हता, तरी फटका तिथल्यांनाच बसला.

पण त्या आजोबांची गोष्ट एकाच बाजूची नाही. भूकंपाच्या केंद्राला सर्वांत जवळचा अणुप्रकल्प ओनागावाचाच होता. त्सुनामी सुमारे १३ मीटरची आली आणि प्रकल्प त्याहून जरा उंचावर बांधलेला असल्याने वाचला. खालचं गाव वाहून गेलं. दहा हजारांच्या वस्तीतली ८०० हून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांपैकी ३०० हून जास्त लोक प्रकल्पाच्या व्यायामशाळेत आश्रयाला राहिले, आजोबाही त्यांत होते. म्हणजे ज्या भट्टीने आसरा दिला तिच्याचबद्दल त्यांना आज धास्ती आहे, कारण पुन्हा काही झालं तर द्वीपकल्पावरून बाहेर पडायला रस्ते थोडे आणि डोंगरातले. गेल्या वर्षी १ जानेवारीला जपानच्याच नोतो द्वीपकल्पावरच्या भूकंपात रस्ते कसे तुटले ते सगळ्यांनी पाहिलंय. स्थलांतराच्या आराखड्यावरून शेजारच्या इशिनोमाकी शहराच्या रहिवाशांनी दावा लावला होता, सेंदाई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरात तो फेटाळला.

मला खटकतं ते असं. तानाकाबद्दल बोलताना लेक ऋणाची, माणुसकीची भाषा बोलतो. भट्टीबद्दल बोलताना तोच मुलगा फक्त आकडे मोजतो. दोन्हीकडे एकच माप हवं असं माझं म्हणणं नाही. पण हे त्याचं त्याला दिसावं, मी सांगितलं म्हणून नव्हे. अणुऊर्जा हवी की नको हे मला त्याच्यावर लादायचं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही अजून ठरत नाहीये.

तर मदत अशी हवी आहे: संघ आणि वीज ही तुलना तांत्रिकदृष्ट्या कुठवर चालते? तानाकाचं उदाहरण घ्यावं की गाळावं? आणि त्या मुलीचं म्हणणं चार्टवर नेमकं कुठे आणि कसं बसवता येईल? जपानी मी वाचते, पण हळू. मराठीत समजावलंत तर मी त्याला नीट सांगू शकेन.

---

ग्रीडवाला

ताई, कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात नोकरी झाली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

तुलना वाईट नाही, पण मुलांनी वर्षाची बेरीज घेतलीय. वीज वर्षाच्या बेरजेवर चालत नाही. या क्षणी जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती याच क्षणी हवी. म्हणून चौकोन किती यापेक्षा कोणता खेळाडू कधी मैदानात उतरू शकतो हे महत्त्वाचं. अणुभट्टी जपानात पूर्ण भारावर सलग चालवतात, मागणीप्रमाणे वर-खाली करत नाहीत, आणि साधारण १३ महिन्यांनी तपासणीसाठी बंद ठेवतात. गॅसचा संच हवा तेव्हा चढवता-उतरवता येतो. सूर्य दुपारीच.

यातून एक गोष्ट निघते ती तुमच्या मुलाला लगेच कळेल. वसंतात थंडी सरलेली असते, पंखे-एसी लागलेले नसतात, ऊन मात्र भरपूर. तेव्हा तोहोकूत, म्हणजे तुमच्या ईशान्य जपानात, वीज जास्त होते आणि कुणाला तरी थांबवावं लागतं. जपानच्या नियमाप्रमाणे आधी औष्णिक कमी करतात, मग बायोमास, मग सूर्य आणि वारा, आणि अणू सगळ्यांत शेवटी. तोहोकूत सौरवीज पहिल्यांदा अशी थांबवली ती एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे ओनागावा बंद असतानाच. आता ८२५ मेगावॅटची कायमची जागा भरली. अशा दुपारी बाहेर कोण बसणार? तुमची ती तीन आकडी नंबरची पोरं. ७० ची मर्यादा खऱ्या अर्थाने इथे लागू होते, वार्षिक टक्क्यांत नाही. दुसऱ्या बाजूने, जानेवारीच्या बर्फाच्या संध्याकाळी सात वाजता सूर्य शून्य असतो. तेव्हा हे ८२५ नसतील तर तेवढा आयात गॅस जाळावा लागतो. २०२२ मध्ये जपानच्या गरजेपैकी सुमारे १३ टक्केच ऊर्जा स्वतःची होती, बाकी बाहेरून आली. दोन्ही चित्रं मुलांनी काढावीत: एप्रिलची दुपार आणि जानेवारीची संध्याकाळ.

आणखी एक. पूर्व जपानची वीज ५० हर्ट्झ वारंवारतेवर चालते, पश्चिमेची ६० वर, त्यामुळे ती थेट जोडता येत नाही. मार्च २०११ मध्ये पश्चिमेकडे वीज होती, पण मधल्या परिवर्तन केंद्रांतून जेमतेम १,००० मेगावॅट पूर्वेला आणता येत होती. एकट्या फुकुशिमा दाइइची या दुर्घटनाग्रस्त अणुप्रकल्पाची क्षमता सुमारे ४,७०० होती. २०२१ मध्ये ती वाट २,१०० पर्यंत रुंद केली. शेजारच्या लीगमध्ये चांगले खेळाडू बसून आहेत आणि आपल्याला घेता येत नाहीत, अशी ती अवस्था होती.

---

तिसरा_बेस

मी टोकियोत असतो, हॅन्शिन संघाचा चाहता आहे, पण तानाकाबद्दल बोलायलाच हवं. उदाहरण जरूर घ्या, फक्त ते अर्धंच घेतलंय.

क्लबने त्याला काढलेलं नाही. इथला नियम असा की १० कोटी येनच्या वर पगार असेल तर एका वर्षात ४० टक्क्यांपर्यंतच कपात करता येते, त्याखाली असेल तर २५ टक्के. त्याहून जास्त कापायचं तर खेळाडूची संमती लागते, आणि त्याला पटलं नाही तर तो मोकळा होऊ शकतो. राकुतेनने मर्यादेपलीकडची कपात पुढे केली आणि तानाकाने बाहेर पडायचं ठरवलं. दुखावला असेल, पण निर्णय त्याचा होता आणि नियम त्याच्या पाठीशी होता.

त्याच्या उलट उदाहरण हवं असेल तर भरपाईत जाणारा खेळाडू घ्या. मोठा खेळाडू मुक्त होऊन दुसरीकडे गेला की जुना संघ पैशाबरोबर नव्या संघाचा एक खेळाडू मागू शकतो. नवा संघ २८ जणांना राखून ठेवतो, बाकीच्यांतून एकाला उचलता येतं. २०२४ च्या जानेवारीत यामाकावा सेइबू संघातून सॉफ्टबँककडे गेला तेव्हा बदल्यात कायनोला सेइबूकडे जावं लागलं. त्याने काही मागितलं नव्हतं. करार दुसऱ्या दोघांचा, घर बदललं याचं. ओनागावाच्या आजोबांना तानाकाच्या रांगेत बसवू नका, कायनोच्या रांगेत बसवा.

आणि २०११ चा हंगाम विसरू नका. बेसबॉल आणि वीज यांची खरोखरची गाठ तेव्हा पडली होती. हंगाम २५ मार्चऐवजी १२ एप्रिलला सुरू झाला, आणि साडेतीन तास उलटले की नवा जादा डाव सुरू करायचा नाही असा नियम वीज वाचवण्यासाठी केला होता. बरोबरीत सुटलेले सामने किती वाढले ते मुलांनी स्वतः मोजावं.

---

राजापूरकर

कायनोचं उदाहरण एका ठिकाणी कमी पडतं. तो खेळाडू आहे, त्याने कधी तरी करारावर सही केलेली असते. जैतापूर प्रकल्पाजवळच्या माडबन किंवा साखरी नाट्याच्या माणसाने कसलीच सही केलेली नाही.

आमच्याकडे जैतापूरला १,७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या यायच्या आहेत. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमानंतर पाच-सहा आठवड्यांतच, इथल्या आंदोलनात गोळीबार होऊन एक माणूस गेला. अणुभट्ट्या अजून उभ्या नाहीत, जमीन मात्र गेलेली आहे. तारापूरला तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. मुंबईत दिवा लागतो तेव्हा त्या गावांची आठवण कुणाला येते?

ताई, मुलीचं म्हणणं चार्टमध्ये चौकोन म्हणून बसवूच नका. तिला तिसरा कागद द्या. त्यावर एवढंच: कोणाला विचारलं, कोणाला नाही. ओनागावाच्या वेळी गाव, इशिनोमाकी शहर आणि प्रांताचे राज्यपाल यांची संमती नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. ३० किलोमीटरच्या आत आणखीही गावं येतात, स्थलांतराचा आराखडा त्यांनाही करावा लागतो, पण त्यांच्या होकाराची गरज धरली नाही. वीज सेंदाईला येते. तुमच्या मुलाच्या वर्गाला कुणी विचारलं होतं का, हेही लिहा.

---

आओबा

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री हे सगळं लेकाला वाचून दाखवलं. एप्रिलच्या दुपारचं चित्र त्याने लगेच काढायला घेतलं. तीन आकडी नंबर म्हणजे सौरवीज, हे त्याला इतकं पटलं की जेवण थंड झालं. तानाकाबद्दल गप्प बसला, मग म्हणाला की क्लबने नियमाप्रमाणे केलं असेल, पण नियमाप्रमाणे आणि बरोबर यांत फरक आहे. मी म्हटलं, हेच ओनागावाच्या कागदावर लिहिता येईल का बघ. त्याने वही पुढे ओढली, अजून लिहिलेलं नाही.

राजापूरकर, तिसरा कागद त्या मुलीलाच द्यायचा ठरलाय. ती या शनिवारी आजोबांकडे जाणार आहे आणि त्यांना विचारायचे प्रश्न सगळा गट मिळून काढतोय. होयाचं पीक हाती यायला तीन-चार वर्षं लागतात, त्यामुळे भट्टीतून परत समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याबद्दल ते काय सांगतात हे मलाही ऐकायचं आहे. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा या कोमट पाण्याबाबत काय अनुभव आहे? तिकडचं कुणी वाचत असेल तर कृपया शुक्रवारच्या आत लिहा, म्हणजे प्रश्नांच्या यादीत घालता येईल.