गोबरगॅस थंडीत बसलाय, उन्हाळी भाजीचंही अडलंय. मदत हवी

जांबोटीकडचा
मंडळी, जरा लवकर सांगा. सुगी उरकली, भात घरात आलं, पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजीही लागली. आता परड्यातली कामं काढायची तर गोबरगॅस नेमका याच वक्ताला बसलाय. सकाळचा चहा कसाबसा होतो. भाकरी टाकली की ज्योत फडफडते, पिवळी पडते, विझते. आई परत चुलीवर गेलीय आणि रोज मला ऐकवतेय. दसऱ्यापर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक यावरच व्हायचा.
दुसरं म्हणजे परड्यात पाच गुंठे उन्हाळी भाजी करायची आहे. काकडी, दोडका, भेंडी, मिरची. सगळी मदार स्लरीवर, म्हणजे प्लान्टातून बाहेर येणाऱ्या मुरलेल्या शेणपाण्यावर होती. गॅसच नाही तर स्लरी कसली? कधी आणि काय करू? "जाणकाराला दाखवा" एवढंच सांगायचं असेल तर नका लिहू.

येळ्ळूरचा गडी
प्लान्ट कुठला, दीनबंधू की लोखंडी टाकीचा? किती घनमीटरचा? जनावरं किती? शेण किती घालता, पाणी किती? यातलं काहीच लिहिलं नाहीस बाबा. कुंडली न बघता लग्न जमवायला सांगायलास.

जांबोटीकडचा
जमिनीतला घुमटाचा, सगळ्यांकडं असतो तसला. दोन घनमीटर. शेण रोज घालतो की.

येळ्ळूरचा गडी
रोज घालतोस ते कळलं. किती?

काजूवाला चंदगड
मी तर म्हणतो परड्यात भाजीच करू नका. काजू लावा. एकदा जगला की पाणी मागत नाही, जनावर खात नाही. आमच्याकडं आता मोहोर सुरू आहे. या दिवसात ढेकण्यावर, मोहोराचा रस शोषणाऱ्या किडीवर, लक्ष ठेवायचं, झाडाखालचं गवत बेणून घ्यायचं म्हणजे मार्चपासून पडलेली बी दिसते, आणि वणवा आत येऊ नये म्हणून बागेभोवती जाळपट्टा काढायचा. बस. भाजीत काय मिळतंय?

खानापूरची वहिनी
चंदगडकर भाऊजी, त्यांनी गॅसचं विचारलंय.

काजूवाला चंदगड
आपलं अनुभवाचं सांगितलं. घ्यायचं तर घ्या.

निवृत्त गुरुजी, निपाणी
सविस्तर लिहितो. दीनबंधू हा प्रकार १९८४ मध्ये आला. विटांचा घुमट, सगळं जमिनीखाली, लोखंड गंजायची भानगड नाही, म्हणून तो गावोगाव पसरला. आतलं काम जिवाणू करतात आणि त्यांना ३० ते ३५ अंशांची ऊब मानवते. २० च्या खाली गेलं की ते सुस्तावतात. तुमच्या भागात पहाटे पारा बारा-तेरावर येतो, धुकं नऊ वाजेपर्यंत हलत नाही. तेव्हा गॅस कमी होणारच, तो बिघाड नव्हे. फेब्रुवारीच्या अखेरीस आपोआप वाढेल. धीर धरावा.

जांबोटीकडचा
गुरुजी, थंडी मागल्या वर्षीही होती. तेव्हा एवढा बसला नव्हता.

वडगावचा पोरगा
सिलिंडर घ्या की राव. कोण शेण कालवत बसतंय या जमान्यात.

खानापूरची वहिनी
तुला शेण कालवायला कुणी बोलावलंय? आमच्यात सिलिंडर आहे आणि गोबरगॅसही आहे. सिलिंडर पाहुणे आले की लागतो. रोजचं दूध, आंघोळीचं पाणी, डाळ शिजवणं गोबरवरच.
जांबोटीकर, आमच्याकडं थंडीत काय करतात ते सांगते. शेण सकाळी कालवायचंच नाही. बादलीत पाणी उन्हात ठेवायचं, दुपारी एकच्या सुमारास त्या कोमट पाण्यात शेण कालवायचं, शेणाएवढंच पाणी, आणि लगेच आत सोडायचं. शेण ताजं हवं, रात्रभर गोठ्यात गारठलेलं नको. घुमटावर पिंजर हातभर जाड पसरायचं, वर ताडपत्री. पण स्लरी बाहेर पडायच्या तोंडावर काही ठेवू नका. आणि गोठा फिनाईलने धुता काय? ते पाणी आत गेलं तर जिवाणू मरतात.

जांबोटीकडचा
फिनाईल नाही. गोठा साध्या पाण्यानं धुतो. पिंजर घालून बघतो.

होनग्याचा शिवा
गूळ टाका. पाच किलो काळा गूळ पाण्यात विरघळवून आत सोडा, दुसऱ्या दिवशी नुसता भडका. आम्ही नेहमी करतो.

येळ्ळूरचा गडी
भडका येतो आणि आठवड्यात आंबूस वास सुटून सगळंच बंद पडतं. गोड आणि पिठूळ जास्त झालं की आत आंबट होतं, मग गॅस येतो तो जळतच नाही. उरलासुरला भात, पेज थोडीशी चालते. गुळाचा मारा नको.

होनग्याचा शिवा
आमचा पाच वर्षं चाललाय गुळावर.

येळ्ळूरचा गडी
तुमच्याकडं जनावरं किती?

होनग्याचा शिवा
सात.

येळ्ळूरचा गडी
मग तो गुळावर नाही, शेणावर चाललाय. जांबोटीकर, तुमची जनावरं किती ते तिसऱ्यांदा विचारतोय.

जांबोटीकडचा
दोन म्हशी आणि एक रेडकू. बैलजोडी दिवाळीनंतर बाजार दाखवली, पॉवर टिलर घेतलाय. म्हशी दिवसभर माळावर असतात. याचा काय संबंध?

येळ्ळूरचा गडी
आता आलास वाटेवर. सगळा संबंध याचाच आहे. दोन घनमीटरच्या प्लान्टला रोज ५० किलो ताजं शेण लागतं. म्हैस दिवसाला साधारण १५ किलो देते, बैल १० ते १२. आधी चारी जनावरांचं शेण पुरत होतं. आता दोन म्हशींचं जास्तीत जास्त ३० किलो, त्यातलं अर्धं माळावर पडतंय. म्हणजे आत जातंय १५ ते २० किलो. किलोला ४० लिटर गॅस धरला तर ऐन उन्हाळ्यातसुद्धा पाऊण घनमीटर सुटेल, आणि ही तर थंडी. शिवाय आज घातलेल्या शेणाचा गॅस महिना-दीड महिना हळूहळू सुटत असतो. दिवाळीला बैल गेले, तरी आतल्या शिल्लक शेणावर काही दिवस चाललं आणि आत्ता रिकामं झालं.

निवृत्त गुरुजी, निपाणी
म्हणजे थंडी आणि शेण, दोन्ही. मी थंडी म्हणालोच होतो.

होनग्याचा शिवा
मग घुमटाचं झाकण काढून आत उतरा आणि साय फोडा. शेण कमी असलं की वर जाड साय धरते.

खानापूरची वहिनी
शिवा अण्णा, असलं लिहू नका हो. आत कुणीही उतरायचं नाही! आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. एकजण बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. अशा बातम्या दर वर्षी वाचतोय आपण. साय फोडायची तर शेण घालायच्या तोंडातून लांब बांबूनं खालीवर करायचं, तेही जवळ विडी-काडी न ठेवता.

होनग्याचा शिवा
बरं बांबूनं. चुकून लिहिलं.

गॅसफिटर हुक्केरी
ज्योत फडफडते म्हणालात ना? मग पाईपात पाणी साचलंय. गॅसमध्ये वाफ असते, थंडीच्या रातीला गार पाईपात तिचं पाणी होतं आणि पाईपाला जिथं झोळ असेल तिथं ते बसतं. गॅस त्यातून बुडबुडे काढत येतो म्हणून शेगडीवर फड्‌फड्‌. पाईप झाडाखालून वगैरे नेलाय काय? सगळ्यात खाली कुठं आहे ते बघा, तिथं पाणी काढायचा कॉक असेल. शेगडी बंद करा, जवळ विस्तव नको, मग कॉक उघडा. झोळ नीट उचलून बांधा. गळती बघायची तर साबणाचा फेस लावा, काडी ओढून बघू नका.

जांबोटीकडचा
पाईप फणसाखालूनच आलाय आणि मधेच लोंबकळतोय. बघतो उद्या.
तोवर भाजीचं सांगा कुणीतरी. सगळे गॅसवरच बसलेत.

वडगावचा पोरगा
तूच गॅस विचारलास 😄

खानापूरची वहिनी
काकडी-दोडका आत्ता पेरून उपयोग नाही. गार जमिनीत बी कुजतं. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. घाई असेल तर बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि चुलीच्या कोपऱ्याला उबेला ठेवा. मोड दिसला की लावा. भेंडीचंही तेच. मिरचीची रोपं मात्र आत्ताच टाका, लावण्याजोगी व्हायला महिना-सव्वा महिना घेतात.

येळ्ळूरचा गडी
आणि भुईमूग घ्या पाच गुंठ्यांत. उन्हाळी भुईमूग १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी. रात्रीचं तापमान १८ च्या वर सरकायला लागलं की उगवण चांगली.

जांबोटीकडचा
भुईमूग कुठं म्हणालो मी? रानडुकरं शेंगा ठेवतात काय आमच्याकडं.

येळ्ळूरचा गडी
सुचवलं. आमच्यात भातानंतर मसूर-हरभरा झाला की शिवार मोकळंच असतं.

काजूवाला चंदगड
आमच्याकडं गवे येतात, अख्खी काकडी वेलासकट. म्हणून म्हणतो काजू.

निवृत्त गुरुजी, निपाणी
गव्यांना सौरऊर्जेचं झटका कुंपण हाच उपाय. ज्यांच्या शिवारात ते आलेत त्यांनी आपसांत मिळून घ्यावं, एकट्याला परवडत नाही. यावर स्वतंत्र धागा काढतो.

गॅसफिटर हुक्केरी
काढा गुरुजी. इथं राहू दे.

खानापूरची वहिनी
स्लरीचं. दिवसाला ३० किलो शेण आणि तेवढंच पाणी आत गेलं तर जवळजवळ ६० लिटर स्लरी बाहेर येते. गॅस कमी निघाला तरी ती येतेच, फक्त तेवढी मुरलेली नसते. बाहेरच्या तोंडाशी दोन खड्डे काढा. एक भरला की दुसऱ्यात सोडा. भरताना पालापाचोळा, काजूचा पाला, भुसा घाला, ओल शोषून घेतात. उन्हात वाळवू नका, नत्र उडून जातं. वर झाप टाका. आळ्यात घालायची तर फेब्रुवारीत बी पेरायच्या आठवडाभर आधी.

येळ्ळूरचा गडी
वाळवायची कशाला? पाण्यात कालवून पाटानं सोडायची. ताजी असते तेव्हाच जोर असतो.

खानापूरची वहिनी
पाट ज्याला आहे त्याला. यांच्या विहिरीला पाणी किती दिवस टिकतं ते विचारलंत काय?

जांबोटीकडचा
एप्रिलच्या मध्यापर्यंत. मग तळ दिसतो.

खानापूरची वहिनी
मग पाटानं कशाला? बादलीनं आळ्यात घाला आणि बुडाला पिंजर पसरा. आठवड्यातली पाण्याची एक पाळी वाचते. आणि पाच गुंठ्यांत चार भाज्यांपेक्षा तीनच घ्या. दोडका आणि काकडी दोन्हींच्या मांडवाला एप्रिलमध्ये पाणी पुरणार नाही.

जांबोटीकडचा
पाईप खोलला. फणसाखालच्या झोळाला कॉक गंजून बसला होता, पाना घालून फिरवला. हिस्स करून तपकिरी पाणी आलं, तांब्या भरून. मग गॅसचा वास. पाईपाखाली दगड ठेवून झोळ काढला. आता फडफड थांबली, ज्योत निळी आली, पण शेगडी तासभरच चालते. म्हणजे येळ्ळूरकर म्हणतात तसं शेणच कमी. शेजारच्या सोपानकाकांच्या चार गाईंचं शेण रोज दोन पाट्या घ्यायचं ठरवलंय, बदल्यात त्यांच्या नारळाला स्लरी. घुमटावर पिंजर पसरलंय. दोडका रद्द. आई अजून चुलीवरच आहे, म्हणते भाकरीला चूलच बरी.

गॅसफिटर हुक्केरी
काका राजी झाले हे भारीच. कॉक बदलून टाका, तो परत अडकणार.

वडगावचा पोरगा
पिंजर उरलंय काय तुमच्याकडं? आमच्या मामाला चार गाड्या हव्यात, इकडं भाव फार चढलाय.

जांबोटीकडचा
घुमटावर घातलेलं सोडून दोन गाड्या होतील. व्यक्तिगत संदेशात भाव सांगा. आणि पॉवर टिलरनं आळी करता येतात काय कुणाला माहीत आहे?