व्हीएस कोड: हृदय काळं, कुटुंबाचा इमोजी सुटा, आणि आता अंकही फाकलेत

ऐरोली_डेस्क
उबंटू २२.०४ (लिनक्स) वर व्हीएस कोड हा एडिटर वापरतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो बोटफेऱ्यांच्या जाहिरातींचा मराठी मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत तयार होतो आणि तिथून सोशल मीडियावर जातो. अडचणी अशा:

फ्लेमिंगो, हसरा चेहरा, होडी रंगीत दिसतात. लाल हृदय मात्र काळं, सपाट. आई-बाबा-मुलगी हा एकच इमोजी असायला हवा, त्याऐवजी तीन सुटी डोकी ओळीने दिसतात. गुलाबी हृदयाच्या जागी नुसता चौकोन.

उपाय म्हणून फॉन्ट फॅमिलीत नोटो कलर इमोजी हा रंगीत इमोजींचा फॉन्ट सगळ्यांत आधी टाकला. हृदय लाल झालं, पण तिकिटाचे दर आणि फोन नंबर यांतले अंक दूरदूर फाकले. डोकी तिनाची तीनच. फॉन्ट काढून पुन्हा टाकला, कॅश रिकामी केली, फरक नाही. नक्की कुठला फॉन्ट लागतो?

जाता जाता, याच फाइलींत काही ठिकाणी ‘खाडीकिनाऱ्यावर’चं ‘खाडीकिनार्यावर’ झालंय. तो टायपिंगचा घोळ असावा.

नौपाडा_टंक
आधी अंकांचं मिटवू. नोटो कलर इमोजीत इंग्रजी ० ते ९, चांदणी आणि हॅश यांचीही अक्षरचित्रं आहेत, कारण चौकटीतल्या अंकांचे इमोजी त्यांच्यापासूनच बनतात. तो फॉन्ट यादीत पहिला ठेवला की एडिटर साधे अंकही त्यातूनच उचलतो आणि त्यांची रुंदी इमोजीच्या मापाची असते. देवनागरी अंक त्यात नाहीत, त्यामुळे ते फाकणार नाहीत. ताडून पाहा.

सेटिंग्जमध्ये एडिटर फॉन्ट फॅमिली उघडून क्रम असा लावा: उबंटू मोनो, नोटो सॅन्स देवनागरी, नोटो कलर इमोजी, शेवटी मोनोस्पेस. दोन-तीन शब्दी नावांना एकेरी अवतरण लागतं.

हृदय काळं दिसतं ते सिस्टिममधल्या देजावू या फॉन्टमुळे. त्यात काळ्या हृदयाचं चित्र आहे. देजावू काढून टाका, प्रश्न सुटेल.

रेघ_आणि_रफार
देजावू काढू नका. ते दुखणं नाही, लक्षण आहे. ऐरोली_डेस्क यांनी ‘जाता जाता’ म्हणून जे सांगितलंय, खरी गोम तिथे आहे.

लाल हृदय हे युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकाचं, २७६४ क्रमांकाचं चिन्ह. युनिकोडमध्ये इमोजी येण्याच्या कितीतरी आधीपासून, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून, ते साधं छपाईचं चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे ते मुळात काळंच धरलं जातं. रंगीत हवं असेल तर त्याच्या मागोमाग एफई०एफ हे न दिसणारं चिन्ह लागतं. फ्लेमिंगो आणि हसरा चेहरा जन्मापासूनच इमोजी, त्यांना या शेपटीची गरज नाही. म्हणून ते रंगीत आणि हृदय काळं.

कुटुंबाचंही तसंच. पुरुष, स्त्री, मुलगी अशी तीन चिन्हं असतात आणि त्यांच्यामध्ये दोनदा २००डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. तो सांधा गेला की तीन डोकी सुटी होतात. फॉन्ट कितीही बदला, जुळणार नाहीत.

आता ‘खाडीकिनार्यावर’. बऱ्याच कीबोर्डांवर ‘ऱ्य’ हा र, हलन्त, जॉइनर, य असा बनतो. तोच २००डी! तो काढला की र रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. ज्यांनी नुक्त्याचा ऱ वापरून टंकलंय त्यांचे शब्द शाबूत राहतात, म्हणून तुमच्याकडे ‘काही ठिकाणी’च बिघाड दिसतो.

तुमच्या साखळीत कुठेतरी ‘अदृश्य अक्षरं काढा’ असं करणारी स्क्रिप्ट आहे. खात्रीसाठी टर्मिनलमध्ये फाइल एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेने उघडा. हृदयाचे बाइट ई२ ९डी ए४. त्यांच्यापुढे लगेच ईएफ बी८ ८एफ दिसले तर माझं म्हणणं चूक.

ऐरोली_डेस्क
ई२ ९डी ए४ आणि लगेच २०, म्हणजे स्पेस. डोक्यांच्या मध्ये ई२ ८० ८डी कुठेच नाही. स्क्रिप्टही सापडली. वेबपानांवरून चिकटवलेला मजकूर साफ करायला केली होती, २००बी ते २००एफ आणि एफई०० ते एफई०एफ सरसकट उडवते. फॉन्टचा क्रम बदलल्यावर अंक जागेवर आले.

जुन्या फाइली दुरुस्त कशा करायच्या? मूळ प्रती सगळ्यांच्या नाहीत.

रेघ_आणि_रफार
स्क्रिप्टच्या ‘काढायच्या’ यादीत फक्त २००बी आणि एफईएफएफ ही अदृश्य चिन्हं ठेवा. तेही एफईएफएफ फाइलीच्या सुरुवातीला असतं तिथेच बघा. २००सी, २००डी आणि एफई०एफ यांना हात लावायचा नाही.

हृदयं यंत्राने दुरुस्त होतात. शोध चौकटीत रेगेक्स (नमुन्यावरून शोध) चालू करून ‘ज्याच्यापुढे एफई०एफ नाही असं २७६४’ शोधा, शोधताना चिन्हाचा क्रमांक बॅकस्लॅश-यू लावून दिलेला चालतो. बदलाच्या चौकटीत मात्र ते लिहू नका. तिथे व्हीएस कोड बॅकस्लॅश-यूचा अर्थ ‘पुढचं अक्षर कॅपिटल करा’ असा घेतो. खरं लाल हृदय कुठून तरी कॉपी करून तिथे चिकटवा.

कुटुंबं हातानेच. तीन डोकी ओळीने दिसली म्हणजे ते कुटुंबच होतं असं नाही.

‘ऱ्य’च्या बाबतीत घाई नको. ‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ केलं तर सूर्य, कार्य, आचार्य सगळे बिघडतील. ‘र्या’ शोधून एकेक बघा: किनार्या, शेतकर्या, दुसर्या, व्यापार्या हे बदलायचे, मर्यादा आणि पर्याय सोडायचे. मग ‘र्ह’: तर्हा, कुर्हाड, वर्हाड बदलायचे, गर्हणीय तसाच ठेवायचा. बदलताना नुक्त्याचा ऱ घाला, जॉइनर नको. म्हणजे पुढे कुणी पुन्हा झाडू मारला तरी शब्द टिकतील.

नौपाडा_टंक
देजावूचं मागे घेतो. तो काढला असता तरी एफई०एफ परत आलं नसतं, आणि विंडोजवर तेच हृदय काळं ते काळंच राहिलं असतं.

उरला गुलाबी हृदयाचा चौकोन. तो मात्र खरोखर फॉन्टचाच. ते चिन्ह सप्टेंबर २०२२ च्या युनिकोड १५ मधलं, उबंटू २२.०४ त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं. मूळ इन्स्टॉलेशनसोबत आलेल्या फॉन्टला ते ठाऊक असायचं कारण नाही. आधी नेहमीचं सिस्टिम अपडेट करून बघा. तरी चौकोनच राहिला तर नोटोची नवी टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल, शेअर, फॉन्ट्स या फोल्डरात टाका आणि फॉन्टची नोंद ताजी करणारी एफसी-कॅश ही आज्ञा चालवा. व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडा, नुसती खिडकी रीलोड करून भागत नाही.

तिरंग्याच्या जागी विंडोजवाल्यांना आय आणि एन ही अक्षरं दिसली तर फाइल तपासत बसू नका. विंडोजच्या सेगो यूआय इमोजी या फॉन्टमध्ये देशांचे झेंडेच नाहीत.