शबाना आझमी: पाच राष्ट्रीय पुरस्कार एकीकडे, पाच दिवसांचं उपोषण एकीकडे

माजघर

शबाना आझमींचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या रुळावरून जाते. आधी पाच राष्ट्रीय पुरस्कार मोजायचे (अंकुर, अर्थ, खंडहर, पार, गॉडमदर), मग स्मिता पाटीलशी तुलना, आणि जाता जाता 'शिवाय सामाजिक कामही करतात' असं शेपूट. माझं म्हणणं उलट आहे. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम १९८६ सालचं, आणि ते कॅमेऱ्यासमोरचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कफ परेडची संजय गांधी नगर ही झोपडपट्टी पाडली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच निकालात हेही होतं की रीतसर नोटीस देऊन लोकांना हटवता येईल. म्हणजे तत्त्व मिळालं, छप्पर गेलं. निवारा हक्क सुरक्षा समितीने उपोषण पुकारलं. त्यात माहितीपटकार आनंद पटवर्धन होते, वस्तीतले लोक होते आणि शबाना होत्या. मृणाल सेन यांचा 'जेनेसिस' त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता, नायिका याच. तिकडे जायचं सोडून बाई इकडे मांडवात बसल्या. आई काळजीत. परगावी असलेल्या वडिलांची, शायर कैफी आझमींची, तार आली: 'बेस्ट ऑफ लक, कॉम्रेड'. शबानांचा रक्तदाब उतरायला लागला तेव्हा शशी कपूर आपणहून मुख्यमंत्री शंकरराव चव्हाणांकडे गेले, असं त्या स्वतः सांगतात. शेवटी रहिवाशांना गोरेगावला दिंडोशीत पर्यायी जागा मिळाली.

पुरस्कार पाच काय, सात मिळाले असते तरी कोणाच्या डोक्यावर पत्रा आला नसता. बोला.

निळी शाई

तुमच्याच लेखनात माझा मुद्दा आहे. शशी कपूर मुख्यमंत्र्यांकडे गेले ते कोणासाठी? रक्तदाब वस्तीतल्या उपोषणकर्त्यांचाही उतरत असणार. सरकार हललं ते नटीची प्रकृती बिघडली म्हणून. आज आपण सगळे त्याला 'शबानाचं उपोषण' म्हणतो. वस्तीतून जे बसले होते त्यांच्यापैकी एकाचं तरी नाव इथे कोणाला सांगता येईल?

पटवर्धनांचा 'हमारा शहर' बघा. त्यात पाडापाडीनंतर बायका कॅमेऱ्याकडे बघून जे सुनावतात, ते इतकं धारदार आहे की मध्ये दुभाषा लागत नाही. त्यांना आवाज होता. आपल्याला ऐकायला ओळखीचा चेहरा लागला, हा आपला दोष. पण प्रसिद्ध माणूस मांडवात बसला की तो दोष आणखी पक्का होतो, त्याचं काय?

आपल्याकडे दुसरी रीत होती. डॉ. लागू, निळू फुले आणि मंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीला पैसे उभे केले. त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन जायला लागलं. कलाकाराने गल्ला भरून द्यावा आणि बाजूला व्हावं. आंदोलन ज्याचं त्याला करू द्यावं.

रुळावरचा

@निळी शाई, कृतज्ञता निधीबद्दल आदर आहेच. पण 'बेडी'चं तिकीट लोकांनी कशासाठी काढलं? इतके मोठे चेहरे एका रंगमंचावर बघायला. चेहरा तिथेही खर्च झाला, फक्त पैशाच्या रूपाने झाला. आणि निधीचा धनादेश दाखवून महापालिकेचं पथक थांबत नाही. त्या क्षणी तिथे असा माणूस लागतो ज्याला ढकलताना हवालदार दोनदा विचार करेल.

नाव कोणाला माहीत नाही, हे खरं. मग वार्ताहरांना विचारा. मांडवात दोघंतिघं बसलेली असताना त्यांनी एकाच्याच तोंडासमोर माईक धरला.

फडताळ

तुम्ही दोघंही अभिनयाला शेपटीसारखं वागवताय. मला आंदोलनातलं कळत नाही, सिनेमातलं थोडं कळतं, म्हणून त्यावरच बोलते.

'पार' मधला एक प्रसंग. पोटापाण्यासाठी कलकत्त्याला आलेलं बिहारी जोडपं. काम मिळतं ते डुकरांचा कळप नदीपार नेण्याचं. बायको गरोदर. पाण्यात मान वर धरून, डुकरं हाकत, धापा टाकत दोघं पलीकडे पोचतात. मग तिला वाटतं की पोटातलं हलत नाहीये, गेलं. नवरा झालेला नसीरुद्दीन शाह तिच्या पोटाला कान लावतो. त्या वेळचा शबानांचा चेहरा बघा. रडणं नाही की किंचाळणं नाही. नवऱ्याच्या तोंडून काय निघेल याची नुसती वाट बघणं. हे करायला पोस्टर धरायची तालीम उपयोगी पडत नाही.

आणि आता कडू बोलते. आंदोलनाने या नटीचं नुकसान केलं. नव्वदनंतर पडद्यावर आधी 'शबाना आझमी' येतात, पात्र मागून धापा टाकत येतं. दिग्दर्शकसुद्धा त्यांना ठाम, करारी, सगळ्यांना सुनावणाऱ्या बाईसाठीच बोलवायला लागले. 'खंडहर' मधली पडक्या वाड्यात अडकलेली, फारसं न बोलणारी जामिनी त्या नंतर करू शकल्या असत्या का? मला शंका आहे. स्मिता ३१व्या वर्षी गेली, म्हणून तिच्यावर ही वेळ आली नाही एवढंच.

डोंगरवाट

तुलनेत स्मिताला ओढायचंच असेल तर पूर्ण ओढा. सेवादलातलं घर, वडील शिवाजीराव पाटील मंत्री, स्वतः मुंबईच्या विमेन्स सेंटरशी जोडलेली. म्हणजे तीही काही निव्वळ नटी नव्हती. 'उंबरठा' मधली सुलभा महाजन तिने केली ती या सगळ्यासकट केली. मग समाजकार्याने अभिनय बिघडतो हा सिद्धांत तिला का लागू नाही? मराठी माणूस म्हणून स्मिताकडे आपला कल आहे, माझाही आहे. तो सिद्धांत म्हणून खपवू नये.

फडताळ

@डोंगरवाट, समाजकार्याने बिघडतो असं मी म्हटलेलं नाही. प्रतिमेने बिघडतो असं म्हटलंय. परत वाचा.

माजघर

फडताळ, प्रतिमेचा मुद्दा अर्धा मान्य. पण उलटी वाहतूकही आहे. 'अर्थ' नंतर बायका सही मागायला नव्हे तर आपलं घरचं गाऱ्हाणं घेऊन यायला लागल्या, असं शबानांनी कितीदा सांगितलंय. पडद्यावरच्या पूजाने परत आलेल्या नवऱ्याला विचारलं की मी असं वागले असते तर तू मला घरात घेतलं असतंस का. तो 'नाही' म्हणाला आणि तिने त्याला वाटेला लावलं. १९८२ साली ते बघून बाहेर पडणाऱ्या बाईला नटी कोण आणि पूजा कोण हा भेद करत बसायची गरज वाटली नाही. आलेल्या बायकांना 'मी फक्त संवाद म्हटले' असं सांगून परत पाठवायचं होतं का?

तसंच 'अंकुर'. आपल्या मुक्या-बहिऱ्या नवऱ्याला जमीनदार चाबकाने फोडून काढतोय, आणि लक्ष्मी त्याच्यावर आडवी पडून दखनीत शिव्याशाप देते. जमीनदार दार लावून आत लपतो. तेव्हा त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकत्या बाहेर पडलेल्या होत्या, मोर्चाबिर्चा काही नव्हता. पण लहानपण गेलं ते कम्युनिस्ट पक्षाच्या रेड फ्लॅग हॉलमध्ये. एका कुटुंबाला एक खोली, न्हाणीघर सगळ्यांत मिळून. हे सगळं त्या चेहऱ्यामागे होतंच. मला तरी यातली रेघ आखता येत नाही.

खडा सवाल

सगळं ठीक, पण यांना अन्याय ठरावीक ठिकाणीच दिसतो, हे कोणीच बोलत नाहीये. दीपा मेहतांच्या 'वॉटर' सिनेमातल्या विधवेच्या भूमिकेसाठी मुंडण केलं त्याचे फोटो देशभर. आपल्या समाजातल्या कट्टरांबद्दल मात्र चिडीचूप.

रुळावरचा

@खडा सवाल, २००१ आठवा. अफगाणिस्तानवर अमेरिकेचा हल्ला झाला तेव्हा दिल्लीच्या जामा मशिदीच्या शाही इमामांनी मुसलमानांना जिहादची हाक दिली. यांना तिकडे कंदाहारला नेऊन सोडा, असं शबाना जाहीरपणे म्हणाल्या. त्यावर इमामांनी टीव्हीवर त्यांचा 'नाचनेगानेवाली' असा उद्धार केला. चिडीचूप असलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागत नाही. १९८९ साली पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींचा खून झाल्यावर दिल्लीच्या चित्रपट महोत्सवाच्या व्यासपीठावरून निषेध वाचला, तो काँग्रेसचं राज्य असताना. त्याच वर्षी दिल्ली ते मीरत चार दिवस पायी. त्यांचं राजकारण डावीकडचं आहे, ते पटत नसेल तर तसं म्हणा. खोटं कशाला?

आणि 'वॉटर' च्या फोटोंचं म्हणाल तर मुंडण झालं, वाराणसीचा सेट जमावाने उद्ध्वस्त केला, चित्रीकरण बंद पडलं. पुढे वेगळ्याच कलाकारांना घेऊन श्रीलंकेत सिनेमा झाला. केस गेले, भूमिकाही गेली. एवढी महागडी प्रसिद्धी कोणी घेत नाही.

खडा सवाल

राज्यसभा मिळाली ना १९९७ ला? फुकट नाही मिळत.

डोंगरवाट

राष्ट्रपतीनियुक्त सदस्य होत्या, २००३ पर्यंत. त्या जागा साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांतल्या लोकांसाठीच असतात. पुढे.

निळी शाई

मला संघर्ष नगरबद्दल बोलायचंय, कारण खरी परीक्षा तिथे आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वस्ती हटवायचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ ला दिला. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या लोकांचं पुनर्वसन, तेही सात हजार रुपये भरणाऱ्यांचं. निवारा हक्कने चांदिवलीच्या जुन्या खाणींच्या जागेवर बिल्डरला बरोबर घेऊन हजारो घरांची ही वसाहत उभी केली. घर २२५ चौरस फुटांचं, बिल्डरला मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. म्हणजे जी संस्था पाडापाडीविरुद्ध उभी राहिली, ती बिल्डरच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. आणि ज्याच्याकडे सात हजार नव्हते, किंवा जो १९९६ ला आला, तो कुठे गेला? पाच दिवस उपाशी बसण्यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे. माझ्या मते इथे चेहऱ्याचा उपयोग झाला तो करार देखणा दिसण्यासाठी.

माजघर

करार देखणा नव्हताच आणि तसा कोणी म्हटलाही नाही. पण पर्याय काय होता ते सांगा. एका बाजूला जंगल वाचवू पाहणारे पर्यावरणवादी, त्यांचं चूक नव्हतं. दुसऱ्या बाजूला हजारो कुटुंबं, बहुतेक मोलमजुरी करणारी. सरकारकडे जमीन द्यायची इच्छा नाही, बांधायला पैसा नाही. टीडीआर हाच त्या काळात मुंबईत चालणारा एकमेव पैसा होता. वर्षानुवर्षं फायली घेऊन मंत्रालयाच्या फेऱ्या मारायचं काम आहे हे, त्यात फोटो निघत नाहीत. चेहरा मिरवायचाच असता तर १९८६ नंतर थांबायला सोपं होतं.

२२५ फूट कमी आहे. आहेच. तेव्हाच्या पुनर्वसन योजनांचं मापच ते होतं.

निळी शाई

आणि १९९६ वाला?

माजघर

त्याला त्या आदेशात घर नव्हतं. तारीख सरकारची होती, शबानांची नाही.

निळी शाई

तेच म्हणतेय. चेहरा केवढाही मोठा असो, तारीख हलली नाही. पुढे पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० वर गेली ती निवडणुकीच्या जाहीरनाम्यामुळे, कोणा नटीमुळे नव्हे.

रुळावरचा

जाहीरनाम्यात ती आपोआप उगवली का? त्याआधीची वीस वर्षं रस्त्यावर कोण होतं ते बघा, म्हणजे कळेल पक्षांना ती का घालावी लागली. त्यात वस्त्यांमधले लोक होते, तुमचे मानधनवाले कार्यकर्तेही होते, आणि ही नटीही होती.