भयपट बघताना कधी रडू आलंय का? (अनुभव धागा)

मंडळी, गेल्या वर्षी वडील गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या शनिवारी झोप येईना म्हणून मी 'द बाबाडूक' लावला. २०१४ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा, जेनिफर केंट या बाईंनी केलेला. म्हटलं, दीड तास दचकू आणि दमून झोपू.

झालं भलतंच. त्यातल्या अमेलियाचा नवरा तिला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना अपघातात जातो. म्हणजे पोराचा वाढदिवस आणि बापाची पुण्यतिथी एकाच दिवशी. पोरगा सात वर्षांचा होईपर्यंत त्या तारखेला घरात केक कापला गेलेला नाही. नवऱ्याचं सगळं सामान तळघरात, आणि त्याचं नाव कुणी काढायचं नाही. मग एक दिवस कपाटात एक लाल पुस्तक सापडतं आणि पुढचं सगळं सुरू होतं.

मी रडलो तो शेवट बघून. ते जे काही आहे ते मरत नाही. तळघरातच राहतं. अमेलिया रोज वाडग्यात गांडुळं घेऊन खाली जाते, थोडी थरथरते, वर येते. पोरगा विचारतो, आज कसं होतं? ती म्हणते, आज शांत होतं.

आमच्याकडे वडिलांची गोळ्यांची डबी आहे. सोमवार ते रविवार असे खण, प्रत्येकात सकाळ-रात्र. ते गेले बुधवारी पहाटे. बुधवार ते रविवार अजून भरलेले आहेत. आई रोज फ्रिजवरची धूळ पुसते, डबी उचलते, खालचं पुसते, डबी परत ठेवते. आमच्यापैकी कुणीही त्यावर एक शब्द काढलेला नाही. मी तर नाहीच.

तर हा धागा त्यासाठी. भुताखेतांचा सिनेमा बघताना आपलंच घर, आपलंच गेलेलं माणूस समोर आलं, असं झालं असेल तर लिहा. 'सर्वात भयानक दहा सिनेमे' अशी यादी नको, त्यासाठी दुसरीकडे भरपूर जागा आहे. रहस्यभेद होणारच, ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावं.

— बिनसाखरेचा

उंबरठा:

'हेरेडिटरी' (२०१८). दोनदा बघितला, तिसऱ्यांदा नाही बघणार.

भाऊ गाडी चालवतोय, मागच्या सीटवर धाकट्या बहिणीला श्वास लागलाय, आणि त्या धावपळीत ती जाते. कशी जाते ते लिहीत नाही. पण तो पोरगा घरी येतो आणि कुणालाही न उठवता जाऊन अंथरुणावर पडतो. सकाळ होते. आई गाडीकडे जाते. कॅमेरा पोराच्याच चेहऱ्यावर, बाहेरून फक्त तिचा आवाज. मला विचाराल तर सिनेमा तिथंच संपला. पुढचे ते राजा पैमॉन (त्यातला सैतान) वगैरे माझ्या डोक्यावरून गेले.

आमची आई १९९८ साली गेली. दादा स्कूटर चालवत होता, आई मागे, आणि साडीचा पदर चाकात गेला. दादा एकोणीस वर्षांचा होता. आमच्या घरातली सगळी माणसं फार चांगली. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. बाबांनी तर त्या आठवड्यात त्याला नवा शर्ट आणला. वीस वर्षं आमच्याकडे 'पदर' हा शब्द कुणी उच्चारला नसेल.

त्या सिनेमात जेवणाच्या टेबलावर एक प्रसंग आहे. पोरगा आईला म्हणतो, तुला काही बोलायचंय का, बोलून टाक. आणि ती फुटते. जे जे पोटात आहे ते सगळं त्याच्या अंगावर ओतते. तोही उलट विचारतो, तिला पार्टीला यायचं नव्हतं, मग तिला माझ्याबरोबर पाठवलं कुणी? मी आणि दादा शेजारी बसून बघत होतो. मला वाटलं, आता हा उठून जाणार. तो उठला नाही. टीव्हीकडे बघतच म्हणाला, "ती निदान ओरडली तरी."

मग पाणी प्यायला गेला. मी पाठोपाठ गेले. स्वयंपाकघरातला दिवा लावला नाही आम्ही. त्या रात्री आम्ही काय बोललो ते इथे लिहिणार नाही, पण बोललो.

दीडशहाणा:

धागा चांगला आहे, पण एक तक्रार. हल्ली जो तो भयपट म्हणे 'दुःखाचं रूपक'. भूत दिसलं की समीक्षक लगेच सांगणार, ते भूत नव्हेच, ते नैराश्य आहे. अहो, भुतालाही काही मान आहे की नाही? आमच्या आजीच्या गोष्टीतला मुंजा पिंपळावर बसायचा आणि तो मुंजाच असायचा. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा. तिने कधी त्याचा अर्थ लावला नाही.

आणि हे काही नवीनही नाही. १९७३ चा 'डोन्ट लुक नाऊ' बघा. पोर बुडून गेलेली, आईबाप व्हेनिसला जातात, आणि बापाला गल्लीबोळांत लाल रेनकोट दिसत राहतो. पन्नास वर्षं झाली त्याला.

बिनसाखरेचा:

@दीडशहाणा, सोडमुंज न झालेला पोरगा झाडावरून खाली येत नाही, यात दुःख नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? पण मुद्दा मान्य. भूत हे भूतच असू द्या. फक्त ते कुणाचं आहे, एवढंच विचारतोय.

पाटावरवंटा:

मी एकच सिनेमा सांगते, 'रेलिक' (२०२०). यात कुणी मेलेलंच नाही, आणि तरीही पूर्ण वेळ सुतक असल्यासारखं वाटतं.

म्हातारी आजी एकटी राहते. विसरायला लागलीय. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि भिंतींवर काळी बुरशी पसरत चाललेली. मुलगी आणि नात येतात. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया होता, सहा वर्षं केलं त्यांचं. सिनेमातल्या त्या चिठ्ठ्या बघून मी पॉज केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमच्याकडे चिठ्ठ्या मी लिहायचे. 'गॅस बंद.' 'हे बाथरूम.' 'संध्याकाळी मुलगा येणार आहे.' ती तिसरी चिठ्ठी सासूबाई दिवसातून दहादा वाचायच्या आणि दहाही वेळा खूश व्हायच्या.

पोळ्या गादीखाली लपवायच्या. चादर बदलताना हाताला लागायच्या, पापडासारख्या वाळलेल्या. मला सुरुवातीला संताप यायचा, आता लिहितेय म्हणून खरं सांगते. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी मला 'अगं ए' शिवाय हाक मारली नव्हती. शेवटच्या वर्षी मला 'काकू' म्हणायला लागल्या. "काकू, तुमच्याकडे राहिले, फार उपकार झाले. आता मला घरी सोडा." हे त्यांच्याच घरात.

सिनेमाच्या शेवटी मुलीला पळून जाता येत असतं. ती जात नाही. आईच्या अंगावरची काळवंडलेली कातडी हलक्या हाताने सोलत राहते, आत एक लहानसं, काळं, श्वास घेणारं शरीर उरतं, आणि ती त्याच्यामागे कुशीवर झोपते. नात तिच्यामागे. आणि नातीला आपल्या आईच्या पाठीवर एक काळा डाग दिसतो.

बघणारे म्हणतात, किळसवाणं आहे. ज्यांनी म्हाताऱ्या माणसाला रोज आंघोळ घातलीय त्यांना नाही वाटणार. सासूबाईंच्या दंडाची कातडी टॉवेल जरा जोरात लागला तरी निघायची. मी शेवटी मलमलचं जुनं धोतर वापरायला लागले.

माझी लेक त्यानंतर आठवडाभर माझी पाठ बघत होती. गमतीत. म्हणजे मी ते गमतीतच घेतलं.

गळकं छत:

वरच्या प्रतिसादानंतर काय लिहिणार. तरी थोडक्यात.

जपानी 'डार्क वॉटर' (२००२, हिदेओ नाकाता). घटस्फोटाची केस चालू, सहा वर्षांच्या मुलीचा ताबा मिळवायचाय, स्वस्तातला फ्लॅट घेतलाय आणि छतातून पाणी टपकतंय. वरच्या मजल्यावर कोण राहतं ते नीट कुणी सांगत नाही. मी तेव्हा डोंबिवलीत याच अवस्थेत होते, फक्त वर भूत नव्हतं, वर कुलूप होतं आणि सेक्रेटरी फोन उचलत नव्हते. ओल आलेल्या भिंतीला टेकून पोरीचा अभ्यास घ्यायचे आणि मनात एकच, उद्या कोर्टात कुणी या भिंतीचा फोटो दाखवला तर?

त्यातली आई पोरीला शाळेतून आणायला उशीर झाला म्हणून धावत सुटते. मला भीती वाटली ती फक्त तिथे. लाल दप्तर वगैरे नंतरचं.

कृष्णाकाठ:

'द सिक्स्थ सेन्स' (१९९९) चा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडा. त्याच्या जरा आधी गाडीतला प्रसंग आहे. मायलेक ट्रॅफिकमध्ये अडकलेत. पोरगा पहिल्यांदा आईला सांगतो की मला मेलेली माणसं दिसतात, आणि आजीही येते. म्हणतो, तू तिच्या थडग्यापाशी जाऊन एक प्रश्न विचारला होतास, आजीने सांगितलंय, त्याचं उत्तर 'रोज' असं आहे. काय विचारलं होतंस? आणि आई रडत सांगते: तिला माझा अभिमान वाटतो का?

(ही आई आणि 'हेरेडिटरी'मधली ओरडणारी आई, दोन्ही टोनी कॉलेट. मध्ये एकोणीस वर्षं.)

आता आमचं. आजोबांचा दहावा, कऱ्हाडला, संगमावर. पिंड मांडले, सगळे मागे सरकून बसलो. समोरच्या झाडावर आठ-दहा कावळे. एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग आपल्याकडे जे होतं ते सुरू झालं. थोरले काका पुढे गेले, "आण्णा, आईला आम्ही अंतर देणार नाही." कावळा नाही. बाबा गेले, "विहिरीचं काम पुरं करतो." नाही. मला पुढे ढकललं, मी बारावीला होतो, म्हटलं, "चांगले मार्क पाडीन." कावळ्याने मान फिरवली. कुणीतरी हसलंसुद्धा. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात धाकटी आत्या उठली. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आजोबा तिच्याशी चौदा वर्षं बोलले नव्हते. ती पिंडापाशी वाकली, काहीतरी पुटपुटली, आम्हाला ऐकू गेलं नाही. मागे वळली आणि चार पावलं टाकली असतील, कावळा शिवला.

योगायोग म्हणा. आत्याने कधीच सांगितलं नाही ती काय बोलली. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणाली, "तुला काय करायचंय?" सिनेमातल्या त्या बाईचा प्रश्न निदान आपल्याला कळतो.

वन बीएचके:

'भूतकालम' हा मल्याळम सिनेमा (२०२२) कुणी बघितलाय का? रेवती आणि शेन निगम. आजी जाते, घरात आई आणि बेकार मुलगा उरतात. आईला नैराश्याच्या गोळ्या चालू. मुलगा पितो. मुलगा सांगतो, घरात काहीतरी आहे, आणि ते खरं की त्याचं डोकं बिघडलंय हे कुणालाच ठरवता येत नाही.

आमच्याकडे उलटं होतं. बाबा गेल्यावर आई म्हणायची, रात्री चपलांचा आवाज येतो. मी म्हणायचो, डॉक्टरांना डोस वाढवायला सांगू. प्रत्येक वेळी हेच एक वाक्य, लॅपटॉपवरून मान न उचलता. सिनेमा संपल्यावर तिच्या खोलीत गेलो आणि विचारलं, आवाज कुठून येतो नक्की? तिने बोटाने दाखवलं. दारापासून मोरीपर्यंत. बाबा कामावरून आले की तसेच पाय धुवायला जायचे. तासभर बसलो तिथे दोघं. मला काही ऐकू आलं नाही. तिला आलं की नाही, विचारलं नाही.

वाळवी:

'तुंबाड' राहिला का? दुःखाचा नाही म्हणाल, पण बापलेकाचा आहे. विनायक पोराला पोहायला किंवा सायकल शिकवत नाही, हाव शिकवतो, आणि अगदी मायेने शिकवतो. शेवटी सोन्याच्या मोहरा बाप पुढे करतो आणि पोरगा घेत नाही. आमच्या वाड्याची केस तिसऱ्या पिढीत चालू आहे. एवढंच लिहितो, बाकीचे वाटेकरी हा धागा वाचत असतील.

दीडशहाणा:

परत आलो. वाद घालायला नाही.

वडील गेले तेव्हा मी दहावीत. अजून महिना व्हायचा होता. घरात मावश्या, आत्या, सगळं गंभीर. टीव्हीवर 'पछाडलेला' लागला, महेश कोठारेंचा. बंद करायला कुणी उठायच्या आत दिलीप प्रभावळकरांचा इनामदार भुतकर आला आणि आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मोठी आत्या तिच्याकडे अशी बघत होती की विचारू नका. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "असा परत येणार असेल तर येऊ दे की."

तर भूत हे भूतच असतं, यावर मी ठाम आहे.

बिनसाखरेचा:

सगळ्यांचे आभार. @उंबरठा, तुमचं वाचून काल रात्री धीर केला. आईला 'बाबाडूक'चा फक्त शेवट दाखवला, आधीची गोष्ट तोंडी सांगून. तिला भुताचे सिनेमे आवडत नाहीत, पण बसली. वाडग्यातली गांडुळं बघून तोंड वाकडं केलं.

"किडे कशाला? वरण-भात नाही का देता येत?"

मी म्हटलं, आई, ते रूपक आहे.

"असू दे. तुझ्या बाबांची वाडी ठेवते ना गच्चीत, तेव्हा मी वरण-भातावर तूप घालते. डॉक्टरांनी बंद केलं होतं त्यांचं." मग जरा थांबून, "आता काय होणारे त्यांना."

डबीचा विषय मी काढणार होतो. तोवर ती झोपायला गेली होती.