मेरी कसॅटचं ऑपेरातलं एचिंग : रेघा पेन्सिलीच्या कशा दिसतात?

तिसरी घंटा
न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर मेरी कसॅट या अमेरिकन चित्रकर्तीचं हे चित्र बघत बसले होते. साधारण १८८० चं. ऑपेरा थिएटरच्या बॉक्समध्ये, म्हणजे बाल्कनीतल्या खासगी कप्प्यात, बसलेली बाई, हातात पंखा, मागे बाल्कन्यांच्या वळलेल्या कडा. खाली 'एचिंग' लिहिलंय, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर घेतलेला छाप. पण मोठं करून पाहिलं तर रेघा खरबरीत कागदावर शिसपेन्सिल फिरवल्यासारख्या. एचिंग म्हणजे सुईच्या बारीक, करकरीत रेघा ना? आणि अंधार तर नुसती काजळी धरल्यासारखा. कुणी प्रिंटवाले आहेत का इथे?
दुसरं, बॉक्समधली बाई म्हटली की चित्रकारांचं लक्ष तिच्याकडेच, स्टेज कुठे दिसतच नाही. असं का? मी बरीच वर्षं विंगेतून प्रेक्षक बघितलेत, म्हणून विचारते.

राळभुकटी
आहे एक, निवृत्त. तुमची नजर बरोबर आहे. याला सॉफ्ट ग्राउंड म्हणतात. पत्र्यावरच्या मेणाच्या थरात चरबी मिसळली की तो कडक होत नाही, चिकटच राहतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने काढायचं. दाब पडेल तिथला थर कागदाबरोबर उचलला जातो, कागदाचा पोतही उमटतो. मग उघडा पडलेला पत्रा आम्ल खातं.
मात्र हात टेकवायची सोय नाही. माझ्या पहिल्या पत्र्यात बाईच्या खांद्यावर माझ्याच तळहाताची कड छापून आली. सरांना ती पदराची घडी वाटली, कौतुक केलं. मी गप्प.
काजळी म्हणजे अ‍ॅक्वाटिंट. राळेची पूड पत्र्यावर बसू द्यायची, खालून शेक द्यायचा. कण वितळून चिकटतात, आम्ल त्यांच्या मधून खातं, त्या खळग्यांत शाई धरते. उजळ हवं तिथे व्हार्निश लावून झाकायचं आणि पत्रा परत आम्लात. जितका वेळ ठेवाल तितका काळोख.
हे सगळं देगा या फ्रेंच चित्रकाराच्या नादाने. १८७९-८० च्या सुमारास त्याने कसॅट आणि चित्रकार पिसारो यांना घेऊन 'दिवस आणि रात्र' नावाचं मुद्राचित्रांचं नियतकालिक काढायचं ठरवलं. हे प्रिंट त्यासाठीचंच. कसॅटने पन्नास प्रती छापल्या आणि ऐन वेळी देगाचीच तयारी नाही! अंक निघालाच नाही. या उद्योगापायी मुलीला रंगवायला वेळ मिळाला नाही, अशी कुरकुर तिच्या आईच्या पत्रात आहे.

पिटातला
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. त्या काळी प्रयोग सुरू झाला तरी प्रेक्षागृहात आजच्यासारखा मिट्ट काळोख करत नसत. बॉक्स घ्यायचा तो निम्मा स्वतः दिसायला. कसॅटचंच १८७९ चं मोत्यांच्या माळेतल्या बाईचं पेंटिंग बघा, मागे आरसा आणि आरशात थिएटर. त्याआधीचं १८७८ चं तर धमाल आहे. काळ्या पोशाखातली बाई दुर्बीण लावून बघतेय आणि पलीकडच्या बॉक्समधला एक गृहस्थ पुढे वाकून दुर्बीण तिच्यावरच रोखून बसलाय.

तिसरी घंटा
हा गृहस्थ ओळखीचा आहे. आमच्याकडे तो तिसऱ्या रांगेत कडेला बसायचा, मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतही मान वळलेलीच.
राळभुकटी, तळहाताचं ते प्रिंट जपून ठेवलं असेल तर फोटो टाका ना.